एमेत : ज्यू लोककथांवरचा पंधरा मिनिटांचा फाशांचा खेळ. गोलेम हरतच नाही, काय करावं?

काळी_सोंगटी

दोघांत खेळायचा, घरीच छापून करता येईल असा एक लढाईचा बोर्डगेम जुळवत आणलाय. पात्रं सगळी ज्यू लोककथांतली आणि तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली. नाव 'एमेत', म्हणजे हिब्रूत सत्य. गोलेम म्हणजे मंत्राने जिवंत केलेला मातीचा माणूस, त्याच्या कपाळावर लिहितात तो शब्द. त्यातलं पहिलं अक्षर अलेफ पुसलं की उरतं 'मेत', म्हणजे मेलेला, आणि मातीची माती होते.

नियम थोडक्यात:

पट ५×५ घरांचा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून सुरुवात. तिरकं चालायचं नाही. प्रत्येकाकडे एक पात्र, तीन फासे. आपल्या पाळीला तिन्ही फेकायचे, मग हवे तितके उचलून एकदाच दुसरी फेक. त्यानंतर प्रत्येक फासा तीनपैकी एका कामाला लावायचा.

चाल : १ ते ३ ला एक घर, ४ ते ६ ला दोन.
घाव : शेजारच्या घरातल्यावरच. ४ आणि ५ ला एक जीव, ६ ला दोन. त्याखाली फुकट.
ढाल : फासा बाजूला ठेवायचा. पुढच्या पाळीत समोरच्याचा एक घावाचा फासा अडतो, मग त्यावर कितीही असो.

सगळ्यांना १२ जीव, फक्त शब्रीरीला जीवांऐवजी पाच पानं. गोलेमला १८ माती आणि त्याच्या ६ ला तीन जीव. पण तो मंद, चालीच्या फाशावर काहीही पडो, एकच घर. समोरच्याला दोन फेकींत मिळून तीन एक्के पडले (अलेफची किंमत १) तर अलेफ पुसलं आणि गोलेम जागीच खलास.

पात्रं सध्या पाच: गोलेम, अश्मदाई, शब्रीरी, दिब्बूक (माणसाला झपाटणारा मृतात्मा), लिलिथ (रात्रीची भूतीण). डाव साधारण ८ ते १० फेऱ्यांत संपतो.

अडचण शीर्षकात आहे. गोलेम घेणारा जिंकतोच. जीव कमी करू, घाव कमी करू, की एक्क्यांचा नियम सैल करू?

---

निवांत_पोपट

वाचनखूण साठवली. गणिती काकूंना कुणीतरी हाक मारा.

---

गणिती_काकू

आले.

आधी घावाचं बघू. साध्या पात्राच्या एका फाशाचं एका फेकीतलं सरासरी मूल्य (१+१+२)/६, म्हणजे ०.६७. दुसऱ्या फेकीत १ ते ३ पडलेले फासेच उचलायचे, ४ आणि ५ हातचे सोडायचे नाहीत. मग ते बरोबर १.० होतं. तिन्ही फासे घावाला लावले तर पाळीमागे ३ जीव.

गोलेमचं (१+१+३)/६ = ०.८३, दुसरी फेक धरून १.२५. पाळीमागे ३.७५.

आता भागाकार करा. १२ जीव संपवायला गोलेमला ३.२ पाळ्या, १८ माती उडवायला समोरच्याला ६. जवळजवळ दुप्पट. मंद चालीने एखाददुसरी फेरी वाचते, ती काही ही दरी भरत नाही.

आणि ते तीन एक्के म्हणजे निव्वळ शोभा आहे. दुसरी फेक धरून एका फाशावर १ येण्याची शक्यता ११/३६. तिन्हींवर यायची त्याचा घन, म्हणजे २.८५ टक्के, साधारण पस्तिसात एकदा. सात पाळ्या फक्त एक्क्यांच्याच मागे लागलात तरी १८ टक्के, आणि तेवढ्यात तुमचे घाव शून्य.

---

अर्धवट

मग दोन एक्के पुरेत असं करा, झालं.

---

गणिती_काकू

@अर्धवट, निदान दोन एक्के पडण्याची शक्यता २२.३ टक्के. चार पाळ्यांत ६३ टक्क्यांवर. मग गोलेम कोणी घेणारच नाही. दोन आणि तीनच्या मधे एक्का नसतो, म्हणून हा दोर दुसरीकडून ओढायला हवा.

---

खडूस_मास्तर

नियमांआधी कथेचा घोळ निस्तरू. दोन वेगळे गोलेम एकाच कातड्यात घातलेत.

प्रागचा गोलेम माहरालचा, म्हणजे राब्बी (ज्यू धर्मगुरू) येहुदा लोव बेन बेझालेल यांचा (मृत्यू १६०९). त्या कथांत बहुतेक ठिकाणी गोलेमच्या तोंडात 'शेम' असतो, पवित्र नाव लिहिलेला कागदाचा कपटा. तो काढला की गोलेम निपचित. कपाळावरचं एमेत आणि अलेफ पुसणं ही मुख्यतः पोलंडकडची परंपरा, खेल्मच्या राब्बी एलियाहूंशी जोडलेली. तिथला गोलेम रोज वाढत जातो. इतका, की मालकाचा हात कपाळाला पोचेना. याकोब ग्रिमने १८०८ साली जी हकिकत छापली तिच्यात मालक त्याला म्हणतो, माझे बूट काढ. तो वाकतो, अक्षर पुसलं जातं आणि मातीचा अख्खा ढिगारा मालकाच्याच अंगावर कोसळतो.

प्रागच्या ज्या गोष्टी आज सगळीकडे ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच १९०९ साली युडल रोझेनबर्ग यांनी छापलेल्या. माहराल गेल्यावर तीनशे वर्षांनी.

तालमूदमधला मूळ प्रसंग तर चार ओळींचा आहे (सॅनहेड्रिन ६५ब). रावा नावाच्या पंडिताने माणूस घडवला, राब्बी झेरांकडे पाठवला. ते बोलले, त्याने उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, तू आमच्या मंडळींनी केलेला दिसतोस, मातीत परत जा. फासे नाहीत, एक्के नाहीत, काही नाही.

---

चिंचोका

एकूण राब्बी झेरांनी पहिल्याच पाळीत काम तमाम केलं.

---

कोकणी_मेवा

मास्तर, त्याच पानावर दुसरीही गोष्ट आहे. राव हनिना आणि राव ओशाया दर शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी एक वासरू घडवायचे आणि खायचे. पटावर गोलेमऐवजी वासरू ठेवा, बॅलन्सचा प्रश्नच मिटला.

---

काळी_सोंगटी

काकू, आकडे टिपून घेतले, धन्यवाद. मास्तर, दोन्ही मिसळलेत हे कबूल. एकच ठेवायचा तर कुठला?

---

खडूस_मास्तर

खेळ झटपट हवा तर प्रागचा. वाढत्या गोलेमसाठी दर फेरीला माती वाढवत बसावं लागतं आणि तीन फेऱ्यांनी कुणाला काही आठवत नाही. शेमचं मात्र एक तयार घड्याळ आहे, त्यावर सावकाश लिहितो.

---

तिरफळ

गोलेमवरच सगळे तुटून पडलेत. अश्मदाईचा नियम काय ठेवलाय?

---

काळी_सोंगटी

@तिरफळ, समोरच्याच्या फाशांत जोडी पडली (दोन फाशांवर सारखा आकडा) की अश्मदाई आयता एक घाव घालतो. तालमूदच्या पेसाहीम भागात, पान ११० वर म्हटलंय ना, भुतांचा राजा अश्मदाई सगळ्या जोड्यांचा मुखत्यार.

---

तिरफळ

इथेच चूक होतेय. तिथला शब्द 'झुगोत'. त्याचा अर्थ सारखे दोन आकडे नव्हे, सम संख्या. भीती कशाची, तर दोन पेले प्यायचे, चार पेले प्यायचे. विषम प्यायले तर धोका नाही. म्हणून तर तिथे प्रश्न विचारलाय की मग पेसाह सणाच्या रात्री चार पेले कसे ठरवले. त्यावर राव नहमान म्हणतात, ती राखणीची रात्र आहे, त्या रात्री भुतांचं चालत नाही.

तुमच्या जोडीच्या नियमाने एका फेकीत अश्मदाईला ९६/२१६, म्हणजे ४४ टक्के वेळा घाव मिळतो. समोरच्याने काही चूक केलेली नसताना. खेळणाऱ्याला यात करण्यासारखं काहीच नाही, हा खरा दोष.

---

गणिती_काकू

आकडा बरोबर. तिन्हींची बेरीज सम आली तर घाव, असं केलं तर? शक्यता ५० टक्के. बेरीज सम दिसली की एक फासा पुन्हा टाकायचा, मग २५ वर येते. म्हणजे दुसरी फेक घावासाठी वापरायची की भुतापासून वाचायला, हा निर्णय तरी खेळणाऱ्याचा राहतो.

---

तिरफळ

बेरीज करायला लावली की पटावर शाळा भरते. आणि तालमूदचा धाक पेल्यांच्या मोजणीचा आहे, आकड्यांच्या बेरजेचा नाही. म्हणून असं करा: अश्मदाईसमोर घावाला दोन फासे लावले तर तो चावतो. एक किंवा तीन लावले तर नाही. बेरीज नाही, तपासणी नाही, नुसतं डोळ्यांनी दिसतं.

परिणाम बघा. सवयीने सगळे दोन घाव आणि एक ढाल लावतात, तेच इथे महागात पडतं. एकतर सगळं उघडं टाकून तीन घाव घाला, नाहीतर एकच घालून दोन ढाली घ्या. पात्राचा स्वभाव एका वाक्याच्या नियमात आला.

---

काळी_सोंगटी

हे फारच बेस. उचललं.

---

अर्धवट

शून्य पण सम असतं हो. कोणी घावच घातला नाही तर?

---

तिरफळ

न प्यायलेला पेला मोजत नाहीत. 😀

आणि त्याच चर्चेत पुढे येतं की पश्चिमेकडे (म्हणजे इस्राएल देशात, बाबिलोनच्या पश्चिमेला) लोक सम-विषमाची फिकीर करत नाहीत. तेव्हा ज्यांना हा नियम जड जाईल त्यांनी पश्चिमेकडचे नियम म्हणून सोडून द्यावा, शास्त्राधार आहे.

---

बोरकूट

फासे कशाला? ज्यूंचा स्वतःचा फासा आहे की, ड्रेडल. हनुक्का सणात फिरवतात तो चौकोनी भोवरा. नून, गिमेल, हे, शीन अशी चार अक्षरं. नून आलं तर काही नाही, गिमेलला सगळं घ्या, हे ला निम्मं, शीनला एक घाला. लढाईत तेच : नून ०, हे १ घाव, गिमेल २, शीन आला तर स्वतःचा एक जीव द्या.

---

निवांत_पोपट

"हे ला निम्मं" हे वाक्य तीनदा वाचलं, मग कळलं की हे म्हणजे हे.

---

गणिती_काकू

@बोरकूट, सरासरी (०+१+२−१)/४ = ०.५. फाशाच्या ०.६७ पेक्षा कमी, म्हणून डाव लांबेल. तेवढं जीव कमी करून निस्तरता येईल, पण खरी अडचण वेळेची. फासा टाकला की लगेच बसतो. ड्रेडल नीट फिरला तर आठ-दहा सेकंद सहज घेतो, तीन एकदम फिरवले तर एकमेकांवर आपटून टेबलाखाली जातात. पंधरा मिनिटांच्या खेळात निम्मा वेळ भोवरे बघण्यात जाईल.

शिवाय घरी केलेले ड्रेडल बहुधा एका अंगाला कललेले असतात. काडी मधोमध बसत नाही, किंवा माती वाळताना एक बाजू जास्त आकसते. तपासायचं असेल तर १०० वेळा फिरवा. प्रत्येक अक्षर २५ च्या आसपास यायला हवं. १७ ते ३३ मधे असेल तर चालवून घ्या, बाहेर गेलं तर काडी काढून पुन्हा बसवा.

---

चिंचोका

ड्रेडलऐवजी दोन कवड्या? दोन्ही उताण्या, दोन्ही पालथ्या, एक-एक... अरे, हे तर तीनच झाले.

---

गणिती_काकू

आणि तेही सारखे नाहीत. एक-एक पडण्याची शक्यता इतर दोन्हींच्या दुप्पट, त्यातून कवडी काही अर्धी-अर्धी पडत नाही. त्यापेक्षा एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं एकदम उडवा. नाणी वेगळी असल्याने चार निकाल सुटे ओळखू येतात आणि चारही सारख्या शक्यतेचे.

---

खडूस_मास्तर

ड्रेडल वापरणारच असाल तर दोन गोष्टी. इस्राएलमधल्या ड्रेडलवर शीनच्या जागी पे असतं. चार अक्षरं म्हणजे 'तिथे मोठा चमत्कार झाला' या वाक्याची आद्याक्षरं, तिकडे 'तिथे' चं 'इथे' होतं. आणि नून-गिमेल लांबून सारखे दिसतात. गिमेलला खाली पुढे आलेला पाय असतो, छापताना तो ठसठशीत ठेवा. नाहीतर "सगळं घेतलं" की "काहीच नाही" यावर भांडण ठरलेलं.

हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. चारही अक्षरांची बेरीज ५०+३+५+३०० = ३५८. 'माशियाख', म्हणजे मसीहा, या शब्दाचीही तेवढीच. आणि 'नाखाश', म्हणजे साप, त्याचीही. खेळात कुठे उपयोग नाही, असंच सांगितलं.

---

शंख

साहित्याबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून.

पट: ४ सेमीची पाच घरं म्हणजे २० सेमी. ए-फोरची रुंदी २१. दोन्ही कडांना अर्धाच सेमी उरतो आणि बहुतेक घरगुती प्रिंटर तेवढं छापत नाहीत, शेवटची रेघ गायब होते. घर ३.८ सेमीचं घ्या, पट १९ सेमी. कॅरमची सोंगटी ३ सेमीच्या जरा वर, आरामात बसते. पात्राचं चित्र स्टिकर कागदावर छापून सोंगटीवर चिकटवा, उभे पुतळे करत बसू नका.

चिकटवणं: पटाचा कागद पुठ्ठ्यावर फेविकॉलने लावला की पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना पुठ्ठ्याला वाटीसारखा वाकवतो. फासे मग मधल्या घराकडे घरंगळतात. स्टिकर शीट वापरा किंवा ३ मिमी सनबोर्डवर थेट छापून घ्या. फेविकॉलच लावायचा तर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढाच कागद लावा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते.

फासे सहा, १६ मिमीचे, तीन-तीन दोन रंगांचे. ढालीला लावलेला फासा कोणाचा हे रंगावरूनच कळतं. जीव मोजायला चिंचोके, १८+१२ म्हणजे ३०, वर पाच जास्तीचे घ्या, हरवतात.

हिब्रू अक्षरं: बऱ्याच सॉफ्टवेअरमधे उजवीकडून डावीकडे लिहिलेलं पेस्ट केलं की उलटं होतं. 'एमेत' मधलं अलेफ उजव्या टोकाला दिसलं पाहिजे. डावीकडे दिसलं तर शब्द उलटा छापलाय आणि पहिलं अक्षर पुसायला जाल तर भलतंच पुसलं जाईल. छापायला टाकण्याआधी पीडीएफ उघडून बघा, मूळ फाइल बघून समाधान मानू नका. फाँट बदलला की हे आणि खेत यांतही गफलत होते, हे चा डावा पाय वरून सुटलेला असतो.

---

चिंचोका

माझं नाव काढल्याबद्दल आभारी.

---

अर्धवट

गोलेम मात्र मातीचाच हवा! शाडूचा केला तर?

---

शंख

शाडू वाळताना आकसतो. जाड गोळा आतून ओला आणि बाहेरून कोरडा राहिला की तडे जातात. ३-४ सेमी उंचीचा करा, सावलीत दोन-तीन दिवस वाळवा, पंख्याखाली ठेवू नका. वाळल्यावरही ठिसूळच, टेबलावरून पडला की हात तुटतो. रोज खेळायचा असेल तर एम-सीलसारख्या पुटीचा करून मातकट रंग द्या.

---

निवांत_पोपट

शाडूचा गोलेम म्हणजे दीड दिवसाचा का? पुढच्या वर्षी लवकर या. (हलकेच घ्या.)

---

खडूस_मास्तर

"मातीत परत जा" हे राब्बी झेरांनी आधीच म्हणून ठेवलंय, त्यामुळे पोपटराव अगदीच चुकलेले नाहीत.

एक गंभीर सूचना. शेमच्या कपट्यावर देवाचं चार अक्षरी नाव छापू नका. ते नाव असलेला कागद धर्मनिष्ठ ज्यू फेकत नाहीत, गेनिझात (जुन्या पवित्र कागदांच्या कोठीत) जपून ठेवतात, मग पुरतात. खेळाचा कागद चुरगळणार, कचऱ्यात जाणार. कोरी गुंडाळी ठेवा, काम तेवढंच होतं.

---

कोकणी_मेवा

शब्रीरीबद्दल विचारतो. त्याची पाच पानं म्हणजे नावाची काटछाट का?

---

काळी_सोंगटी

हो. रात्रीच्या पाण्यातून आंधळं करणारं भूत ते. उतारा म्हणून नाव एकेक अक्षर तोडत म्हणायचं: शब्रीरी, ब्रीरी, रीरी, ईरी, री. नाव संपलं की भूत संपलं. खेळात जीव नाहीत, नावाची पाच पानं आहेत. एक घाव बसला की एक पान उलटायचं. पण तो दुसऱ्याच पाळीत मरतो.

---

गणिती_काकू

मरणारच. दुसरी फेक धरून एका फाशाने घाव बसण्याची शक्यता ७५ टक्के, तिन्हींचे मिळून पाळीला सव्वादोन घाव. पाच पानं सव्वादोन पाळ्यांत संपली.

एका पाळीत एकच पान उलटेल असा नियम करा. मंत्रही एका दमात एकच पायरी उतरतो. मग पाच पाळ्यांच्या आत तो मरूच शकत नाही. समोरच्यापुढे प्रश्न असा: एका फाशाने प्रयत्न केला तर ७५ टक्के, दोन लावले तर ९४, तीन लावले तर ९८. तिसरा फासा जवळजवळ वाया, तो ढालीला ठेवावा.

---

तिरफळ

आणि आंधळेपणा फाशांत आणा की. शब्रीरी शेजारी असेल तर समोरच्याचा एक फासा वाटीखाली टाकायचा. न बघता तो कोणत्या कामाला लावणार ते आधी सांगायचं, मग वाटी उचलायची. त्याला दुसरी फेक नाही. वाटी स्टीलची नको, फाशाचा आवाज ऐकून अंदाज बांधणारे महाभाग असतात.

---

बोरकूट

दिब्बूकचं काय?

---

काळी_सोंगटी

तो शेजारी आला की समोरच्याच्या फाशांतला एक उचलून स्वतः वापरतो. त्याला हुसकायला दहा माणसांचं मिन्यान (प्रार्थनेला लागणारी मंडळी) लागतं, म्हणून तिन्ही फाशांची बेरीज बरोबर १० आली की दिब्बूक करंगळीतून बाहेर (पायाच्या, कथेप्रमाणे) आणि थेट पटाच्या कोपऱ्यात. पहिल्याच फेकीत १० यायची शक्यता काकूंनी विचारायच्या आधीच सांगतो, २७/२१६, साडेबारा टक्के.

---

गणिती_काकू

शाब्बास.

---

तिरफळ

बेरजेची शाळा इथेही आहेच, पण एका आकड्यापुरती आहे म्हणून सोडून देतो.

---

अर्धवट

इतकी भुतं आहेत तर आपला वेताळ, मुंजा, हडळ पण घाला ना. कोकण आवृत्ती!

---

कोकणी_मेवा

नको. कोकणाशी खरा धागा हवा असेल तर तो भुतांचा नाही, एलियाहू हन्नाबींचा आहे. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, रायगडातले शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. त्यांच्या घरांत संदेष्टा एलियाचं स्थान फार मोठं. नवस फेडायला, शुभकार्याला मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. एलियाचा रथ उतरल्याची खूण म्हणून दाखवतात तो खडकही अलिबागकडेच आहे. युरोपातल्या ज्यू कथांतही एलिया अडल्यावेळी वेष पालटून येतो. म्हणजे दोन्हीकडे सारखं असलेलं हे एकच पात्र.

खेळात त्याला लढवू नका. एक पान ठेवा: डावात एकदाच, तीनपेक्षा कमी जीव उरले असतील तर तिन्ही फाशांची तिसरी फेक मिळेल. बास.

---

काळी_सोंगटी

घेतलं. आणि मुंजाला पिंपळावरच राहू दे.

---

खडूस_मास्तर

आता मूळ प्रश्न, म्हणजे ते घड्याळ.

प्रागच्या कथेत माहराल दर शुक्रवारी संध्याकाळी शेम काढून घेतात, गोलेमलाही शब्बाथची विश्रांती. एकदा विसरतात. इकडे देवळात ब्याण्णवावं स्तोत्र, शब्बाथचं, म्हणून झालेलं असतं, तिकडे गोलेम पिसाटून मोडतोड करायला लागतो. माहराल धावत जाऊन शेम काढतात आणि स्तोत्र पुन्हा म्हटलं जातं. प्रागच्या आल्टनॉयशूल या जुन्या ज्यू प्रार्थनामंदिरात ते दोनदा म्हणतात, त्याचं कारण म्हणून हीच गोष्ट सांगतात.

तेव्हा : सातवी फेरी शब्बाथ. सहाव्या फेरीत गोलेमवाल्याने एक फासा शेम काढायला द्यायचा, त्यावर काहीही पडो. सातव्या फेरीत गोलेमला फासे नाहीत. आठवीपासून पुन्हा चालू. सहावीत फासा द्यायला विसरला तर सातवीत गोलेमचे फासे समोरचा टाकणार आणि जितके घाव पडतील तितकी गोलेमची स्वतःचीच माती उडणार. आठवण करून द्यायची नाही.

---

गणिती_काकू

हे आवडलं, पण एकट्याने पुरणार नाही. ३.७५ विरुद्ध ३ असंच ठेवलं तर सातवी फेरी उजाडेपर्यंत समोरचा उरतच नाही. तीन बदल एकदम करा: गोलेमच्या ६ ला दोनच जीव, माती १८ ची १५, आणि शब्बाथ.

हिशेब : दोघांचेही पाळीमागे ३. गोलेमला चार पाळ्या लागतात, समोरच्याला पाच. कोपऱ्यांतून निघून भिडेपर्यंत पहिल्या दोन फेऱ्या जातात. म्हणजे गोलेम ३, ४, ५, ६ अशा चार फेऱ्यांत काम उरकू शकतो, पण सहावीत एक फासा शेमला गेलाय, त्यामुळे थोडक्यात हुकतो. समोरच्याने मधे एक फेरी जरी ढालीवर किंवा पळण्यात काढली तरी शब्बाथ त्याच्या पदरात. आता दोघंही फेऱ्या मोजत खेळतील.

---

तिरफळ

मग समोरचा पहिल्यापासून पळतच सुटेल ना? गोलेम एकेक घर चालणार, हा दोन-दोन. सहा फेऱ्यांची पकडापकडी.

---

गणिती_काकू

पळू दे. पळणाऱ्याचे घाव शून्य. फक्त पळून सातवीला आला तर एका मोकळ्या फेरीत सरासरी ३ माती उडवेल, १२ उरलीच. पळायचं किती, याची किंमत आपोआप लागते. फारच वाटलं तर पटाचे चारही कोपरे सुरुवातीनंतर बंद करा.

---

अर्धवट

माहरालची वेगळी सोंगटी ठेवून त्यानेच शेजारी जाऊन शेम काढायचा असं केलं तर?

---

शंख

मग एकाला दोन सोंगट्या, दोन ठिकाणचे जीव, आणखी चिंचोके, आणि पंधरा मिनिटांची पंचवीस होतील. मोठ्या आवृत्तीसाठी ठेवा.

---

काळी_सोंगटी

ठरलं तर. १५ माती, ६ ला दोन जीव, सातवी फेरी शब्बाथ, शेमचा फासा सहावीत. तीन एक्क्यांचं अलेफ काढून टाकतोय, ते खेल्मच्या वाढत्या गोलेमसाठी वेगळ्या पानावर जाईल. अश्मदाईला दोन फाशांचा चावा, शब्रीरीला पाळीला एकच पान आणि वाटी. फेऱ्या मोजायला पटाच्या कडेला सात खुणा करतो, चिंचोका सरकवत जायचा. सातवीवर दोन मेणबत्त्यांचं चित्र.

---

शंख

खुणा पटाच्या आत करा, कडेला केल्या तर प्रिंटर खाईल. वर सांगितलंय.

---

निवांत_पोपट

आणि सहाव्या खुणेवर काहीच चित्र काढू नका. आठवण करून द्यायची नाही ना.

---

बोरकूट

दोघांनीही गोलेमच घेतला तर?

---

तिरफळ

मग सातव्या फेरीत दोघंही गप्प बसतील, चहा ठेवा.